हनुवटीवरचा उजेड

चाळीस वर्षं संसार आणि चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ, दोन्ही एकाच बाईबरोबर चालवून काकांनी तिच्या कामात एकदाही खोट काढली नव्हती. याला कुणी प्रेम म्हणेल, कुणी शहाणपण म्हणेल. खरं सांगायचं तर ती निव्वळ भीती होती.

कामाची वाटणी पहिल्याच दिवशी झाली होती. काकूंना बंद, अंधारी जागा सहन होत नसे. थंडीतसुद्धा पांघरूण तोंडावर आलं तर त्यांचा जीव घाबरा व्हायचा. म्हणून त्या बाहेर, दिव्यांच्या झगझगाटात उभ्या राहून फोटो काढायच्या आणि गिऱ्हाइकांवर हुकूम सोडायच्या, "पाठ सरळ! इकडे बघा, माझ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे! हनुवटी खाली!" आणि काका आत, डार्करूममधल्या लाल दिव्याखाली, डेव्हलपरच्या ट्रेवर ओणवे. पुढे फिल्म गेली, ट्रे गेले, कॉम्प्युटर आला, तरी काका आतच राहिले. बाहेर येऊन बोलायची सवयच उरली नव्हती.

अशा या काकूंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि मागे काही शिल्लक राहिलं असेल तर तेही जावं म्हणून पंचवीस दिवस रेडिएशन ठरलं. काकूंनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. वेळ मात्र त्यांनी स्वतः ठरवली. सव्वाअकरा, म्हणजे नाश्ताही होतो आणि दुपारची झोपही बुडत नाही.

सातव्या दिवशी काका बायकोची पर्स मांडीवर घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसले होते, तेव्हा मशीन चालवणाऱ्या ताई दारात आल्या. "काका, जरा आत येता का? डॉक्टरांनी बोलावलंय."

काका धडपडत उठले. पर्स छातीशी धरून ते ताईंच्या मागे गेले.

जाड दाराच्या अलीकडे एक अरुंद खोली होती. टेबलावर पाच-सहा पडदे, एक माइक, आणि थंड झालेले चहाचे कप. तिथे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि खुर्चीत एक टकलू गृहस्थ बसले होते. ते हॉस्पिटलचे भौतिकशास्त्रज्ञ. किरण किती आणि कुठून सोडायचे याचं गणित त्यांचं. दिवसभर उजेडाबद्दलच बोलत असल्यामुळे सगळे त्यांना उजेड म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यामुळे काका आणखी घाबरले.

"हे बघा," उजेडांनी एका पडद्याकडे बोट केलं. "किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पण ते अंगात शिरतात तेव्हा कातडीतून मंद निळसर उजेड निघतो. इतका मंद, की तोही डोळ्यांना दिसत नाही. पण खोलीतले दिवे कमी केले की छताला लावलेला आमचा कॅमेरा तो टिपतो. जिथे उजेड, तिथे किरण. उपचार चालू असतानाच कळतं, नेम बरोबर आहे की नाही ते. पूर्वी आम्ही कातडीवर खुणा करायचो, माप घ्यायचो, आणि बाहेर येऊन विश्वास ठेवायचो."

"ते दिवस बरे होते," ताई पुटपुटल्या. त्याला कारण होतं. कॅमेऱ्यात चूक दिसली की मशीन थांबवायचं, आत जायचं, पेशंटला नीट निजवायचं आणि पुन्हा बाहेर यायचं. काकूंच्या बाबतीत हे रोज सात-आठ वेळा व्हायचं. दहा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर गेलं होतं आणि बाहेरच्या रांगेतले लोक ताईंकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघायला लागले होते.

ताईंनी माइकवर सांगितलं, "काकू, श्वास घ्या. मोठा. आता धरा." गाठ डाव्या बाजूची आणि हृदयही त्याच बाजूला. छाती फुगवून श्वास धरला की हृदय किरणांपासून जरा लांब सरकतं. वीस सेकंद धरायचा, असं चार वेळा.

मशीन गुणगुणायला लागलं. काळ्या पडद्यावर आधी काहीच नव्हतं. मग कुठेतरी एक डाग उमटला, डागाला कडा आली, कड ठळक होत गेली. काका पुढे वाकले. हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं. ट्रेमध्ये पांढरा कागद टाकावा आणि पाण्याखाली हळूहळू माणूस यावा, तसंच हे. खांद्याची गोलाई आली, गळ्याखालचं हाड आलं. आणि त्याच्यावर, जिथे काहीच यायला नको होतं तिथे, एक छोटी निळी चंद्रकोर उमटली.

"आली!" ताईंनी बटण दाबलं. मशीन थांबलं.

"ही हनुवटी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही चेहरा उजवीकडे वळवून, हनुवटी वर करून त्यांना निजवतो. बाहेर येऊन दार लावलं, की हनुवटी खाली. कपाळाला पट्टी लावून पाहिली, तर पट्टीखालून सरकतात. विचारलं तर म्हणतात, मी तसूभरही हलले नाही. शपथेवर सांगतात हो! हनुवटी लाल व्हायला लागलीय, आणि गळ्यापाशी द्यायचा डोस पूर्ण जात नाहीये."

"मग?"

"मग जाळी. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात आणि टेबलाला आवळतात. हलायचा प्रश्नच नाही."

काकांना घाम फुटला. ही जाळी एकदा झाली होती. उपचारांच्या आधी, माप घेताना, नुसती चेहऱ्यावर ठेवून पाहिली होती. काकूंनी ती भिरकावून दिली आणि हॉस्पिटलच्या झग्यातच थेट पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, जाळी लावणार असाल तर मी घरी जाते, जे व्हायचं ते होऊ दे. काकूंचा शब्द म्हणजे शब्द. सख्ख्या दिराकडे जाणार नाही म्हणाल्या, त्याला बावीस वर्षं झाली.

"उरलेले उपचार सोडून चालणार नाही, काका," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "आजार परत येऊ शकतो. मी दोन दिवस थांबते. त्यात जमलं तर ठीक, नाहीतर जाळी. तुम्ही त्यांना ओळखता. काय करतात त्या आत, सांगा ना."

काका पडद्यावरच्या चंद्रकोरीकडे बघत होते. कॅमेरा छताला होता, काकूंच्या पायांच्या दिशेला. दार लागतं, दिवे मंद होतात, कॅमेऱ्याचा बारीक हिरवा दिवा लागतो.

"पोज देतेय ती," काका म्हणाले.

"काय?"

"फोटो काढताय ना तुम्ही? मान वळवून, हनुवटी वर करून झोपलं की गळ्याच्या वळ्या दिसतात. त्या दिसू नयेत म्हणून चेहरा कॅमेऱ्याकडे आणि हनुवटी खाली. चाळीस वर्षं तिनं गिऱ्हाइकांना हेच सांगितलंय. तिला कळतही नसेल आपण हललो ते."

डॉक्टरीणबाईंनी ताईंकडे पाहिलं. मग उजेड म्हणाले, "पण आमच्या कॅमेऱ्यात चेहरा येतच नाही!" हा युक्तिवाद काकूंपुढे किती टिकला असता ते काकांना ठाऊक होतं.

आठव्या दिवशी उजेडांनी कॅमेऱ्याच्या हिरव्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. दिवा दिसला नाही, तर पोजही नाही, असा हिशेब. काकू टेबलावर निजल्या, सगळे बाहेर आले, दार लागलं. दुसऱ्या मिनिटाला काकू उठून बसल्या आणि छताकडे बोट करून ओरडायला लागल्या, "अहो, तुमचा कॅमेरा बंद पडलाय! कुणी लक्ष देतंय की नाही?" उजेडांनी कपाळावर हात मारला. पट्टी काढली, काकू निजल्या, आणि चंद्रकोर पूर्वीपेक्षा ठळक आली.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो काकांना आदल्या दिवसापासूनच दिसत होता. तिला सांगायचं. तू चुकतेस, असं तिच्या तोंडावर सांगायचं. स्टुडिओत अशी वेळ त्यांनी कधी येऊच दिली नव्हती. कुणाचा डोळा मिटलेला आला, कुणाच्या डोक्यामागून पंखा उगवला, की ते आतल्या आत पेन्सिलनं, ब्लेडनं, नंतर माउसनं सगळं सारखं करायचे आणि छान फोटो बाहेर पाठवायचे. काकू गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "बघा, सांगितलं होतं ना, हलू नका म्हणून!" काका आत मूग गिळून बसायचे. त्यांच्यात ते सुखाचं होतं. पण किरण एकदा लागले की ते पेन्सिलनं खोडता येत नाहीत. इथे आतलं दुकान बंद होतं.

नवव्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीबाहेर काकू झगा घालून आल्या, तेव्हा काका उभे राहिले. पर्स छातीशीच होती.

"अगं, एक सांगायचं होतं."

"लवकर सांगा. नंबर आलाय."

"तुझा फोटो बिघडतोय."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू पर्सच बोलली. "माझा फोटो? बिघडतोय?"

"हनुवटी मधे येते. त्यांनी नीट ठेवलेली असते, तू खाली आणतेस. पोज देतेस. आज पुन्हा आली तर ते जाळी लावणार."

"मी हलत नाही. त्यांना फोटो काढता येत नसेल. चाळीस वर्षांत माझा एक फोटो बिघडलेला दाखवा!"

इथे काका थांबू शकले असते. रोज थांबायचे तसे. पण जाळीचं चित्र डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांना एकदम तिचा राग आला. मरणाशी गाठ आणि ही बाई वळ्या झाकतेय. "कितीतरी बिघडले," ते म्हणाले. "मी आत बसून नीट करायचो. तू बटण अर्धा सेकंद आधी दाबतेस. नेहमीच."

काकूंनी झग्याची नाडी करकचून आवळली. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि त्या ताडताड चालत मशीनच्या खोलीत गेल्या.

काका अरुंद खोलीत येऊन बसले. ताईंनी काकूंना निजवलं, बाहेर आल्या, दार लागलं, दिवे मंद झाले. छोट्या पडद्यावर आतलं अंधुक दिसत होतं. काकूंचा चेहरा सावकाश कॅमेऱ्याकडे वळायला लागला. हनुवटी निघाली खाली.

"बोला काहीतरी!" डॉक्टरीणबाईंनी माइक काकांपुढे सरकवला.

काय बोलणार? चाळीस वर्षांत बोलले नव्हते ते आता वीस सेकंदांत? "अगं," ते म्हणाले, आणि आवाज आतल्या डाव्या भिंतीवरच्या स्पीकरमधून घुमला. "तो नवरदेव आठवतो, जाड भिवयांचा? त्याचे दोन्ही डोळे मिटलेले होते. मी पेन्सिलनं काढले. भावाच्या फोटोत बघून."

काकूंची मान झटकन उजवीकडे गेली. स्पीकरपासून जितकी लांब जाईल तितकी. हनुवटी ताठ वर. त्यांना त्या आवाजाकडे बघायचंसुद्धा नव्हतं.

"श्वास धरा, काकू!" ताई ओरडल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर खांदा आला, गळ्याखालचं हाड आलं, छातीची कड आली. वर सगळा काळोख. चंद्रकोर नाही.

"बोलत राहा काका," उजेड कुजबुजले. "देवाशपथ, थांबू नका."

काका बोलत राहिले. शाळेच्या ग्रुप फोटोतला एक जास्तीचा हात. जुळ्या बहिणींपैकी एक हलली म्हणून दुसरीच दोनदा छापली तो प्रकार. चौथ्या श्वासाला, कोपऱ्यात काकूंचा स्वतःचा अंगठा आला होता ती नगराध्यक्षांची तसबीर. बारा मिनिटांत काम आटोपलं. ताईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा गरम चहा प्यायला.

जाळी टळली. पण पुढचे दिवस काकांचे कसे गेले ते काकांनाच माहीत. काकूंचा राग टिकवायचा तर रोज चार कबुल्या हव्यात, आणि प्रत्येक कबुलीनं घरातलं मौन आणखी घट्ट व्हायचं. काकू त्यांच्याशी बोलत नव्हत्या. निरोप द्यायचा झाला तर शेजारणीला खिडकीतून सांगायच्या, "त्यांना म्हणावं, दूध तापवलंय." काका दोन हात लांब उभे असायचे. हॉस्पिटलात मात्र सव्वाअकराला गर्दी व्हायला लागली. नर्स यायच्या, शेजारच्या मशीनवरचे लोक कामं सोडून यायचे. एकदा तर रांगेतल्या एका आजोबांनी आपला नंबर मागे ढकलून घेतला, कारण आदल्या दिवशीची बाळ-उलटं-छापल्याची गोष्ट अर्धवट राहिली होती. उजेड तर म्हणायचे की असं स्वच्छ चित्र त्यांनी कुठल्याच पेशंटचं पाहिलं नाही.

काका हसत नसत. बायको बरी होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. पण बरी झालेली बायको उरलेलं आयुष्य शेजारणीच्या खिडकीतून बोलणार असेल तर? घरी बसल्या बसल्या त्यांचे डोळे भरून यायचे. मग ते नाक शिंकरून उद्याच्या चार चुका आठवायला बसायचे.

पंचविसाव्या दिवशी साठा संपला. पहिल्या श्वासाला एक उरलेली खरी चूक निघाली, एका कुत्र्याच्या शेपटीची. दुसऱ्या श्वासाला काकांनी माइक धरला आणि डोकं रिकामं. ताईंनी डोळे वटारले. "तो... पोस्टमन," काका म्हणाले. "त्याचा कान कापला गेला होता. मी नवीन लावला."

"खोटं!"

आतून आवाज आला. सगळे दचकले. श्वास सुटला, मशीन आपोआप थांबलं. छोट्या पडद्यावर काकूंनी चेहरा सरळ स्पीकरकडे वळवला होता. "पोस्टमनचा फोटो मी काढलाच नव्हता! मी तापानं पडले होते. तो तुम्ही काढलात, आणि कान तुम्हीच कापलात!"

सोळा दिवसांनंतर ती त्यांच्याशी बोलली होती. काकांना वाटलं माइक फेकून आत धावावं. तिचा आवाज रागाचा नव्हता. जवळजवळ हसल्यासारखा होता.

"काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "अजून तीन श्वास आहेत. राग गेला तर हनुवटी येईल."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. असं काय मागतात ही माणसं! एक गोष्ट होती, पण ती ते कुणालाही सांगणार नव्हते. स्टुडिओच्या दर्शनी काचेत एक मोठा फोटो होता. खदखदून हसणारी म्हातारी. शहराच्या स्पर्धेत त्याला कप मिळाला होता. काकू रोज सकाळी ती काच स्वतः पुसायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आयुष्यात एवढं एकच त्यांनी स्वतःचं म्हणून मिरवलं होतं.

"श्वास घ्या, काकू," ताई म्हणाल्या. "धरा."

"काचेतली म्हातारी," काका म्हणाले. "तू तिचा फोटो काढलाच नव्हतास. तू नातवाचा काढत होतीस. तो हलला, फोटो वाया गेला. म्हातारी मागे कोपऱ्यात होती, नखाएवढी. मी ती कापून मोठी केली. कप... कप माझ्या कात्रीला मिळाला."

काकूंचा चेहरा अजून स्पीकरकडेच होता. मग मान उजवीकडे गेली, अगदी टोकापर्यंत. पडद्यावर चित्र भरत गेलं. खांदा, हाड, कड. वर काळोख.

उरलेल्या दोन श्वासांना काका काही बोलू शकले नाहीत. मान तशीच राहिली.

दार उघडलं. ताईंनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या. काकू बाहेर आल्या त्या थेट काकांपुढे येऊन उभ्या राहिल्या. काकांनी पर्स पुढे केली. निदान तेवढी तरी घेईल, असं त्यांना वाटलं.

"म्हातारीचं मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "निगेटिव्ह माझ्याच कपाटात आहे. तीस वर्षं. बाकीचे पासष्ट माहीत नव्हते."

पर्स तशीच पुढे धरून काका म्हणाले, "माहीत होतं? मग आत्ता का रागावलीस? तोंड का फिरवलंस एवढं?"

"कोण रागावलंय?" काकूंनी झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. "तीस वर्षं पोटात ठेवलंत, माझा कप जाऊ नये म्हणून. आज सांगितलंत, मी जाऊ नये म्हणून. रडू आलं मला. समोर कॅमेरा. रडका चेहरा आला असता, तर तो तुम्हालाही दुरुस्त करता आला नसता."